फिरत्या प्रॉडक्ट फोटोग्राफीसाठी गाडी आणि लाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात राहतो आणि माझं बहुतेक काम मालाच्या जागी जाऊन होतं. हुपरीत चांदी, इचलकरंजीत कापड, रत्नागिरीकडे आंब्याचा पल्प आणि सरबतं, वर्षातून दोन-तीन वेळा येवल्याला पैठणी. या धंद्यात नव्याने येणारी मुलं-मुली फोनवर जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे. गाडीचे आणि लाइटचे प्रश्न मुद्दाम एकाच ठिकाणी घेतले आहेत, कारण दोन्ही खरेद्या एकमेकींवर अवलंबून असतात.

छोटासा स्टुडिओ असताना गाडीचा एवढा विचार कशाला करायचा?

कारण निम्म्याहून जास्त माल तुमच्याकडे येतच नाही. हुपरीचा कारागीर पाच किलो चांदीचे पैंजण रिक्षातून तुमच्या स्टुडिओत पाठवणार नाही, आणि त्याने तसं करूही नये. पैठणी विणणाऱ्याला मागावरची साडी दाखवायची असते. तांब्याचा मोठा हंडा, लाकडी झोपाळा, लोणच्याच्या पन्नास प्रकारच्या बरण्या हलवण्यात माल फुटण्याचा, ओरखडे पडण्याचा धोका असतो. त्यापेक्षा आपण तिकडे गेलेलं बरं. पहिली दोन वर्षं मी एसटीने आणि मित्राच्या दुचाकीवरून स्टँड बांधून काम केलं. तेव्हा ज्या कामाला लागणारे लाइट नेता येत नव्हते, ते काम मी नाकारत होतो.

आधी गाडी घ्यावी की आधी लाइट?

आधी लाइट. निदान लाइटची यादी तरी पक्की करा. मग सगळं सामान घरात जमिनीवर मांडा आणि टेपने मोजा. सर्वांत लांब वस्तू कोणती, हाच गाडीचा पहिला निकष.

बहुतेकांच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे बॅकग्राउंडच्या कागदाचा रोल. मोठा रोल 2.72 मीटर, म्हणजे नऊ फुटांचा असतो. अर्धा रोल 1.35 मीटरचा. दागिने, चपला, बाटल्या, भांडी यांना अर्धा रोल पुरून उरतो आणि तो मागची सीट दुमडली की छोट्या गाडीतही बसतो. नऊ फुटी रोल फर्निचरला किंवा माणसांसह फोटो काढायचे असतील तरच लागतो. त्याच्यासाठी गाडी मोठी घेऊ नका, वर्षातून चार वेळा टेम्पो करा.

दुसरी लांब वस्तू लाइट स्टँड. मिटल्यावर साधारण दोन ते तीन फूट. सी-स्टँडचा (आडवा हात लावता येणारा जड स्टँड) पाय सुटा होत नसेल तर तो आडवा नीट बसत नाही, सगळ्या सामानात अडकतो. सुटा पाय असलेलाच घ्या.

मग नेमकी कोणती गाडी?

डिकीचा लिटरचा आकडा कंपन्या जाहिरातीत देतात, पण आपल्याला तीन गोष्टी बघायच्या असतात: मागचं दार किती उंच आणि रुंद उघडतं, सीट दुमडल्यावर तळ सपाट होतो का, आणि सामान आत ढकलताना ते किती उंच उचलावं लागतं. सेडान गाड्यांची डिकी आकड्यात मोठी असते, पण तोंड अरुंद. सॉफ्टबॉक्सची (उजेड मऊ करायला लाइटवर लावायची कापडी पेटी) पिशवी आत जाते, फोम बोर्ड (हलका, जाड पुठ्ठा) जात नाही. म्हणून या कामाला सेडान नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकट्याने काम करणाऱ्यासाठी मी वॅगन आर सुचवतो. डिकी 341 लिटरची, छत उंच, दार सरळ उभं, आणि लांबी 3.65 मीटरच्या आसपास असल्याने हुपरीच्या गल्लीत किंवा पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ती कुठेतरी उभी करता येते. मागची सीट 60:40 अशी दुमडणारी असेल तर एका बाजूला स्टँड आडवे टाकून दुसऱ्या बाजूला मदतनीस बसू शकतो. स्वस्त मॉडेलमध्ये ही सोय असेलच असं नाही, बुकिंगच्या आधी स्वतः दुमडून बघा.

मदतनीस कायम बरोबर असेल आणि सामान जास्त असेल तर रेनॉ ट्रायबर. तिची तिसरी रांग हाताने काढून घरी ठेवता येते आणि मग 625 लिटर जागा मिळते, तीही चार मीटरच्या आतल्या गाडीत. अर्टिगा आरामाला आणि घाटात जास्त चांगली, पण ती चार मीटरपेक्षा लांब आहे आणि तिसरी रांग दुमडते, निघत नाही.

ईको या गाडीबद्दल फार विचारणा होते. दोन्ही बाजूंना सरकती दारं आहेत, त्यामुळे अरुंद गल्लीतही बाजूने सामान काढता येतं, आणि पोटात जागा भरपूर. पण इंजिन पुढच्या सीटखाली आहे. एप्रिल-मे महिन्यात लांबच्या प्रवासात ती उष्णता जाणवते आणि पोहोचेपर्यंत माणूस थकतो. रोज वीस-तीस किलोमीटरच्या परिघात काम असेल तर ईको उत्तम. महिन्यातून चार वेळा आंबा घाट उतरायचा असेल तर मी घेणार नाही.

जुनी गाडी घेत असाल तर गाडी रिकामी असताना मागचा भाग खाली बसलेला दिसतो का ते बघा. आधीच्या मालकाने माल वाहिला असेल तर तिथे कळतं. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा शिल्लक नाही ना, हे सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तपासा.

सीएनजी घ्यावी का? डिकी जाते म्हणतात.

ज्या गाडीत एक मोठी टाकी डिकीत ठेवलेली असते, त्यात जातेच. वॅगन आर सीएनजी घेऊन पस्तावलेले दोघं माझ्या ओळखीचे आहेत, दोघंही फोटोग्राफर. टाटाने दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली, ह्युंदाईच्या एक्स्टरमध्येही ती सोय आली. त्यात डिकी बरीच वाचते. तुमचं रोजचं फिरणं जास्त असेल तर अशीच घ्या. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत असाल तर साधी पेट्रोल पुरे.

करांचं काय? आणि पिवळी पाटी लागते का?

आपलंच सामान आपल्या गाडीतून आपल्या कामासाठी नेताय, तर पांढरी पाटी चालते. दुसऱ्याचा माल भाडं घेऊन वाहिला तर पिवळी लागते. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे. आधी 28 टक्के आणि वर सेस होता. पण साध्या प्रवासी गाडीवर भरलेल्या या जीएसटीचं क्रेडिट (तो कर आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा करणं) आपल्याला मिळत नाही, लाइट आणि कॅमेऱ्यावरचं नोंदणी असेल तर मिळतं. प्राप्तिकरात मात्र गाडीचा घसारा धंद्याच्या वापरापुरता दाखवता येतो. सीएकडे जाताना किलोमीटरची वही घेऊन जा.

गाडीच्या रंगाने काही फरक पडतो?

पडतो, आणि हे कुणी सांगत नाही. अंगणात गाडीच्या शेजारी टेबल मांडून फोटो काढताना लाल गाडी मालावर लाल छटा टाकते. चांदी, पितळ, काच असेल तर गाडीचं प्रतिबिंबच येतं. पांढरी गाडी फुकटचा रिफ्लेक्टर असते. उघडं मागचं दार वर छतासारखं राहतं, त्यावर पांढरी चादर टाकली की भर दुपारी त्याच्या सावलीत एखाद-दुसरा फोटो मिळून जातो.

सुरुवातीला लाइटचं कमीत कमी किती सामान घ्यावं?

दोन लाइट, दोन स्टँड, एक 60 बाय 90 सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, एक लहान सॉफ्टबॉक्स किंवा छत्री. बाकी सगळं स्टेशनरीच्या दुकानातून: ट्रेसिंग पेपरचा रोल, पांढरा आणि काळा फोम बोर्ड, काळा कार्डशीट, कपड्यांचे चिमटे, काळी आणि पांढरी सनमायका दोन बाय दोन फुटांची. शिवाय ग्रे कार्ड (रंग जुळवायला लागणारं करडं कार्ड) आणि भक्कम ट्रायपॉड. ट्रायपॉडवर काटकसर करू नका.

लोक तीन-तीन लाइट घेतात आणि ट्रेसिंग पेपर घेत नाहीत. सावली मऊ हवी असेल तर लाइट वस्तूच्या मानाने मोठा दिसला पाहिजे. तोच सॉफ्टबॉक्स दोन फुटांवर असला की मऊ, सहा फुटांवर नेला की त्याच वस्तूवर कडक. अंतर दुप्पट केलं तर उजेड एक चतुर्थांश होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं). ही एक गोष्ट हाताला कळली की अर्ध्या अडचणी लाइट सरकवून सुटतात, नवीन लाइट लागत नाही.

फ्लॅश की एलईडी?

शिकताना एलईडी. जे दिसतं ते मिळतं, प्रतिबिंब कुठे पडतंय हे डोळ्याला दिसतं आणि ट्रायपॉड असल्याने शटर हळू ठेवता येतं. सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 95 किंवा त्याहून जास्त, रंग 5500 ते 5600 केल्विन, एवढं बघून घ्या. स्वस्त एलईडीमध्ये लाल रंग मेलेला येतो. हळद, मसाले, पैठणीचा किरमिजी यांत ते लगेच उघडं पडतं.

सरबत ओतताना उडणारे थेंब थांबवायचे असतील किंवा खिडकीतून भरपूर ऊन येत असेल तर फ्लॅश हवाच. बॅटरीवर चालणारा 200 वॅट-सेकंदाचा फ्लॅश हाताच्या पिशवीत मावतो आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. आता माझ्याकडे एक तसा फ्लॅश आणि दोन एलईडी आहेत. फ्लॅश वापरताना आधी तो बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. शटर 1/125, लेन्सचं छिद्र एफ 11 आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 ला फोटो पूर्ण काळा आला तर खोलीतल्या ट्यूबलाइटचा रंग मिसळणार नाही.

चांदीचे दागिने काळे-निळे दिसतात. काय चुकतं?

बहुधा लाइटमध्ये काही चुकत नाही. चांदी आरसा आहे, ती खोलीचा फोटो दाखवते.

हुपरीतल्या एका घरातल्या कारखान्यात मी पैंजणांचे फोटो काढत होतो. खोलीला निळसर चुना दिलेला, एका बाजूला भट्टी, वर एकच बल्ब. काळ्या सनमायकावर पैंजण मांडले, सॉफ्टबॉक्स लावला आणि स्क्रीनवर बघितलं तर प्रत्येक घुंगरू अर्धा निळा, अर्धा काळा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटेची सेटिंग) बदलला की काळी सनमायका पिवळी पडायची, घुंगरू तसेच. लाइट हलवून तासभर गेला. शेवटी लक्षात आलं की घुंगराच्या गोल पाठीवर ती अख्खी खोली दिसते आहे, निळी भिंत, काळा कॅमेरा आणि त्यामागे मी. कारागिराच्या आईने कपाटातलं पांढरं धोतर काढून दिलं. ते दोन स्टँडच्या मध्ये भिंतीच्या बाजूला ताणलं, समोरून ट्रेसिंग पेपर कमानीसारखा वळवून टेबलाला चिकटवला आणि कॅमेऱ्याच्या लेन्सपुरतं भोक ठेवलं. लाइट कागदाच्या बाहेरून. घुंगरं एकदम पांढरी झाली, पण आता इतकी पांढरी की गोलाई दिसेना. मग काळ्या कार्डशीटची बोटभर रुंद पट्टी कापून दोन्ही बाजूंना कागदाच्या आत उभी केली. प्रत्येक घुंगराला कडेने एक बारीक गडद रेघ आली आणि तो परत गोल झाला.

चांदीचं सगळं काम यातच आहे: भोवती पांढरं, आणि हवं तिथे थोडं काळं. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारी फिल्टरची काच) लावून हे सुटत नाही, कारण नागड्या धातूवरचं प्रतिबिंब त्याने जात नाही. काच, पाणी, पॉलिश केलेलं लाकूड यांवर तो उपयोगी पडतो.

कोल्हापुरी चप्पल सपाट का दिसते?

लाइट समोरून आहे म्हणून. चपलेचं सौंदर्य वेणीत, बाजूच्या कानांच्या कापणीत आणि कातड्याच्या पोतात आहे, आणि पोत तिरक्या उजेडातच उठतो. मुख्य लाइट मागून डावीकडे, टेबलापासून जेमतेम एक-दीड फूट उंचीवर ठेवा. समोर उजवीकडे पांढरा फोम बोर्ड, बस. बोर्ड पुढे-मागे करून सावली किती खोल हवी ते ठरवा. वेणीची प्रत्येक पीळ वेगळी मोजता आली पाहिजे, असं मी स्वतःसाठी माप ठेवलं आहे.

नव्या चपलेवर तेलाचा हात असेल तर कोरड्या कापडाने पुसून घ्या, नाहीतर डाग चमकतात. अंगठा आणि पट्टा खाली बसलेला असेल तर आतून कागदाची घडी द्या. आणि रंग बदलू नका. वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेल्या कातड्याचा तो मधाळ तपकिरी रंग गिऱ्हाइकाला हवा असतो. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर ऑनलाइन विक्रीसाठी फोटो करून घेणारे कारागीर माझ्याकडे वाढले आहेत. फोटोत कातडं प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत केलं तर त्यांच्या मेहनतीवर पाणी पडतं, असं मला मनापासून वाटतं.

तांब्याची भांडी, पैठणी, बाटल्या यांना वेगळं काही लागतं?

तांब्यावर मठारकाम (हातोडीच्या ठोक्यांची नक्षी) असेल तर चपलेसारखाच तिरका लाइट, फक्त ट्रेसिंग पेपरमधून. ठोक्याचा प्रत्येक पैलू वेगळा उजळतो. पैठणीत उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचा असेल तर कोन बदलला की रंग बदलतो, म्हणून एकच फोटो देऊ नका. एक सपाट, एक पदर हातात घेऊन वळवलेला द्या.

बाटलीला उजेड मागून द्यायचा. मागे उजळ कागद, दोन्ही बाजूंना फ्रेमच्या जरा बाहेर काळे बोर्ड, की काचेची कड गडद आणि स्वच्छ येते. आंब्याचा पल्प किंवा कोकम सरबत असेल तर बाटलीच्याच आकाराचा, जरा लहान पांढरा कागद कापून तिच्या मागे कॅमेऱ्याला दिसणार नाही असा टेकवा. आतला रंग पेटून उठतो.

ॲमेझॉनसाठी पूर्ण पांढरी पार्श्वभूमी कशी आणायची?

मुख्य फोटोत पार्श्वभूमी 255, 255, 255 (लाल, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण, म्हणजे शुद्ध पांढरा) हवी, वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापलेला हवा आणि झूमसाठी मोठी बाजू किमान 1000 पिक्सेल हवी. वस्तू आणि मागचा कागद यांच्यात दोन-तीन फूट अंतर ठेवा आणि कागदाला स्वतंत्र लाइट द्या. वस्तूपेक्षा अर्धा ते एक स्टॉप जास्त पुरतो. त्याहून जास्त दिलात तर मागचा उजेड वस्तूच्या कडा खाऊन टाकतो.

जागेवर वीज नसेल किंवा फोटोत पट्टे आले तर?

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की पट्टे जातात. खोलीतले दिवे बंद करता आले तर त्याहून बरं.

गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटमधून बहुतेक वेळा 120 वॅटपर्यंतच घेता येतं. एक 60 वॅटचा एलईडी चालतो, पण इंजिन बंद ठेवून तासन्तास चालवला तर बॅटरी उतरते. एका गावात माझी गाडी अशीच संध्याकाळी चालू होईना, चार जणांनी धक्का मारला. आता मी वेगळं पॉवर स्टेशन (सॉकेट असलेली मोठी चार्ज होणारी बॅटरी) नेतो. इन्व्हर्टर घेतलात तर प्युअर साइन वेव्हचा (घरातल्या विजेसारखी वीज देणारा) घ्या. इलेक्ट्रिक गाडीचा विचार असेल तर व्हेइकल-टू-लोड (गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणं चालवण्याची सोय) असलेली बघा. 2023 च्या नेक्सॉन ईव्हीपासून टाटाच्या काही गाड्यांत ही सोय आहे, आणि तिच्यावर दोन-तीन लाइट आरामात चालतात.

सामान गाडीत कोणत्या क्रमाने भरायचं?

जे आधी लागतं ते शेवटी. पोहोचल्यावर पहिल्यांदा टेबल, कागद आणि स्टँड लागतात, म्हणून ते दाराशी. जड वस्तू म्हणजे पॉवर स्टेशन आणि (स्टँड पडू नये म्हणून ठेवायच्या) वाळूच्या पिशव्या अगदी तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून. सीटच्या पाठीच्या वर काहीही रचू नका. घाटात अचानक ब्रेक लागला की सुटा स्टँड डोक्याच्या दिशेने येतो. हे माझ्या मदतनिसाच्या कानशिलापाशी घडलेलं आहे, त्या दिवसापासून पट्ट्याने बांधल्याशिवाय गाडी हलत नाही. ट्रेसिंग पेपर आणि फोम बोर्ड सगळ्यांत वर, सपाट. त्यावर जेवणाचा डबासुद्धा ठेवायचा नाही.

गाडीच्या नेहमीच्या विम्यात कॅमेरा आणि लाइट येत नाहीत. त्यांचा वेगळा विमा उतरवा.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

कोकणात उतरताना एसीत गार झालेला कॅमेरा दमट हवेत काढला की लेन्सवर धुकं धरतं. पोहोचायच्या वीसेक मिनिटं आधी एसी बंद करा आणि पिशवी न उघडता ठेवा. सॉफ्टबॉक्सचं कापड ओलं घडी करून ठेवलं तर आठवड्यात बुरशीचे ठिपके पडतात, आणि ते ठिपके चांदीत दिसतात. घरी आलं की रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवायचं.

उन्हाळ्यात लिथियम बॅटऱ्या गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, आतलं तापमान फार चढतं. फ्लॅश, पॉवर स्टेशन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या माझ्याबरोबर हॉटेलात येतात, सावलीत गाडी असली तरी.

सध्या फक्त मोबाइल आहे. थांबावं का?

थांबू नका. ट्रेसिंग पेपर, दोन फोम बोर्ड, काळी पट्टी आणि उत्तरेकडची खिडकी यांवर आजच सराव सुरू करता येतो, आणि हे सगळं दुचाकीवरही नेता येतं. मोबाइल स्टँडवर बांधा, फोकस आणि एक्स्पोजर बोटाने दाबून लॉक करा, दोन पट किंवा तीन पटची लेन्स असेल तर ती वापरा म्हणजे भांडं वाकडं दिसणार नाही. स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी घ्या. तिच्यात खिडकीशिवाय दुसरं काहीही दिसणार नाही असा एक फोटो काढून मला पाठवा, मग लाइटच्या यादीवर बोलू.